आईवरच्या कविता बंद करा

मागच्या महिन्यात छावणीची बैठक संपली आणि एका पोरानं खिशातनं कविता काढली. कविता आईवर. आपल्यात कविता दोनच. एक व्यवस्थेवर, दुसरी आईवर. ह्या कवितेतली आई नववा महिना पोटात घेऊन खडीची पाटी वाहते. रस्त्याच्या कडेला बाळंत होते. दगडानं नाळ ठेचते. पोर पदरात बांधते आणि परत पाटी उचलते. इथं टाळ्या पडल्या. दोघांनी डोळे पुसले. एक जण "वाघीण! वाघीण!" म्हणून ओरडला.

मी टाळी वाजवली नाही. उभी राहिले आणि विचारलं, "पाटी उचलली त्या रात्री तिला झोप लागली का?"

पोरगं गांगरलं. म्हणालं, "ताई, ती आपली आई आहे. दगडाची बाई. तिला काय होतंय?"

सगळे हसले. मग चहा आला.

मित्रांनो, ते हसणं मी घरी घेऊन आले. अजून ते डोक्यातनं गेलेलं नाही. हा लेख त्या हसण्याला उत्तर आहे. गोड लागणार नाही. लागावा म्हणून लिहिलेलाही नाही.

आधी माझं सांगते. दुसऱ्याच्या घरातलं दुःख उसनं आणून त्यावर लेख पाडायची आपल्याकडे रीत आहे. ती मी पाळणार नाही.

चार वर्षांपूर्वी मी बाळंत झाले. सरकारी दवाखाना. एका खाटेवर दोघी. कळा आल्या तशी ओरडले तर आया म्हणाली, "तेव्हा बरं वाटलं ना? आता बोंबलू नको." कागद भरताना जात विचारली. विचारणारच. योजनेचे पैसे जात बघून मिळतात. पण जात सांगितल्यासरशी "अहो"चं "अगं" झालं, ते कुठल्या योजनेत बसतं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पोरगी झाली. तिसऱ्या दिवशी मला रडू फुटलं. खाटेवरची दुसरी म्हणाली, दूध उतरताना होतं असं. तीही रडत होती. तिचं रडू आठवड्यात थांबलं. माझं थांबलं नाही. पोरगी झोपली तरी मला झोप नाही. रात्रभर वर पत्र्याकडे बघत पडायचं. पोरगी रडली की आवाज शेजारच्या खोलीतनं आल्यासारखा वाटायचा. ही कुणाची? माझी? मग मला काहीच का वाटत नाही? भूक गेली. केस विंचरायचं सुटलं. पाण्याच्या पिंपाजवळनं जाताना मी पोरीला गच्च धरायचे, कारण माझ्या हातांवरचा माझा भरवसा उडाला होता. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. वाचून ज्याला किळस आली त्यानं तर पुढं वाचावंच.

सासू म्हणाली, ओली बाळंतीण तिन्हीसांजेला बाहेर गेली, वारं लागलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. फोटोखाली बावीस प्रतिज्ञांची फ्रेम. त्या फ्रेमखाली मला बसवलं आणि माझ्यावरनं लिंबू उतरवलं. भगतानं अकराशे रुपये घेतले आणि पुढच्या अमावस्येला परत आणा म्हणाला.

नवरा? नवरा चळवळीत. मोर्चा असला की मोर्च्यात, नसला की बैठकीत. माणूस वाईट नाही. माझ्यावर कधी हात उगारला नाही. रात्री दीड वाजता यायचा, झोपलेल्या पोरीचा पापा घ्यायचा आणि मला म्हणायचा, "तू कार्यकर्ती आहेस. अशी खचलीस तर कसं चालेल?" जसं काही मी पत्रकं वाटायला नकार दिला होता.

आणि तुम्ही! नामकरणाला छावणीच्या छावणी आली. त्रिशरण पंचशील झालं. मग पोरीचं नाव काय ठेवायचं ह्यावर दोन तास वाद घातलात. रमा, सावित्री, यशोधरा, मुक्ता. भाषणं झाली. पोरगी पुढं क्रांतीची मशाल होणार होती. आणि मशालीची आई मोरीत उभी राहून तोंडावर पाणी मारत होती. बिर्याणी मात्र सगळ्यांना पुरली.

मला विचारलं ते पुढच्या गल्लीतल्या आशाताईनं. पोरीचं वजन करायला आली होती. वजन केलं, वहीत लिहिलं, वही मिटली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरीचं झालं. आता तुझं सांग. जीव द्यावासा वाटतो का?" इतका सरळ प्रश्न मला कुणी केला नव्हता. मी हो म्हणाले. ती दचकली नाही. ओरडली नाही. बसून राहिली. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर मनाच्या डॉक्टरच्या रांगेत उभी राहिली. गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. सात महिने गेले. मग एका सकाळी पोरगी हसली आणि ते हसू मला माझ्या पोरीचं वाटलं.

बस. एवढीच माझी गोष्ट. आता तुमच्याशी भांडायला मोकळी झाले.

आपण ज्याला सरसकट "वारं" म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू. पुष्कळ बायकांना येतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप जातं. त्याला जेवण, झोप आणि जवळ माणूस लागतं. दुसरी गोष्ट, बाळंतपणानंतरचं नैराश्य. दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नाही. झोप जाते, भूक जाते. बाळाबद्दल काही वाटत नाही, नाही तर सारखी भीती वाटते. मी वाईट आई आहे, हा एकच घण डोक्यात पडत राहतो. मरावंसं वाटतं. हा आजार आहे. मलेरिया जसा आजार आहे तसा. बोलण्यानं आणि औषधानं बरा होतो. अंगावर पाजणाऱ्या बाईला चालतील अशी औषधंही डॉक्टरकडे असतात. तिसरी गोष्ट हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला होते. पहिल्या काही दिवसांत, आठवड्यांत बाई झोपतच नाही, भलतंच बोलते, नसलेले आवाज ऐकते, नसलेलं बघते. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं असतं. तिला भगताकडे नेणं म्हणजे आईचा आणि लेकराचा जीव जुगारावर लावणं.

किती जणींना होतं हे नैराश्य? जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशेब छापून आला. वीस हजारांवर आया. उत्तर आलं, २२ टक्के. शंभरात बावीस. तुमच्या वस्तीत ह्या घडीला पाच ओल्या बाळंतिणी असतील तर त्यातली एक रात्री पत्र्याकडे बघत पडलेली आहे. तिच्या नामकरणाला जाऊन तुम्ही जेवून आलात.

आता तुमचं पहिलं म्हणणं मला पाठ आहे. "हे पांढरपेशांचं दुखणं. भरल्या पोटाची थेरं. आपल्या बायकांना उदास व्हायला वेळ कुठाय?"

वा रे शास्त्रज्ञ! गोव्यातल्या बाळंतिणींचा एक अभ्यास २००२ साली छापून आला. २७० बायका. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलं तर २३ टक्के नैराश्यात. सहा महिन्यांनी पाहिलं तर त्यातल्या निम्म्याहून जास्त अजून तशाच. कुणाला जास्त झालं? जिच्या घरात पैशाची चणचण तिला. जिचं नवऱ्याशी धड नाही तिला. आणि मुलगी झाली असेल तर हे घाव आणखी खोल. दारिद्र्य, नवरा आणि पोरगी झाल्याचा टोमणा. सांगा, ह्यातलं भरल्या पोटाचं काय आहे? ही तर आपल्याच वस्तीची मतदारयादी झाली.

पैसेवाल्या बाईलाही हे दुखणं होतं. जरूर होतं. तिच्या दुःखावर मी थुंकणार नाही. फरक एवढाच की तिला सव्वा महिना मिळतो. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, अंगाला तेल लावायला बाई, डोक्याला फडकं, माहेरची उबदार खोली. हे सगळं "आपली मराठी संस्कृती" म्हणून सांगितलं जातं. कुणाची संस्कृती? माझी माय ठेक्यावर रस्ते झाडायची. मी बारा दिवसांची असताना ती कामावर गेली. मुकादम म्हणाला होता, तेराव्या दिवशी आलीस तर हजेरीतनं नाव कापीन. तिचा पान्हा रस्त्यावर झाडू मारताना पोलक्यातनं गळायचा आणि इकडे आजी मला साखरेचं पाणी चाटवायची. माय नंतर वर्षभर बोललीच नाही, असं आजी सांगायची. "तुझी आय मुकी झालती." आम्ही ती गोष्ट विनोद म्हणून ऐकायचो.

बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. महारवाड्यातल्या बाळंतिणीची भूक त्यात त्यांनी लिहून ठेवलीय. ते पुस्तक आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या फळीवर आहे. वाचलंय किती जणांनी?

तुमचं दुसरं म्हणणं. "बाळंतपण हा घरातला मामला. चळवळीचा प्रश्न वेगळा."

असं? मग २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेब काय घरातला मामला बोलायला उभे राहिले होते? त्या दिवशी चर्चा होती गिरणी-कारखान्यांतल्या बाळंत बाईच्या रजेची आणि भत्त्याची. बाबासाहेबांनी त्या बिलाला पाठिंबा दिला. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं सांगितलं. त्याचा भार सरकारनं उचलावा आणि तिच्या घामावर नफा काढणाऱ्या मालकानंही उचलावा, असं सांगितलं. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. महाड १९२७ सालचं. काळाराम १९३० सालचं. पाणी आणि देऊळ ह्यांच्या मध्ये बाळंतिणीची विश्रांती आहे. आपल्या कॅलेंडरात पाणी आहे, देऊळ आहे. विश्रांती कुठं गेली?

शतक भरत आलं. १९६१ साली देशभराचा कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे भरपगारी रजा आली. आता ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे. छान. पण ती रजा कारखान्यातल्या बाईला, दहा माणसं असलेल्या दुकानातल्या, आस्थापनेतल्या बाईला. चार घरची भांडी घासणारीला कुठली आस्थापना? नाक्यावर उभी राहणारीला? कचरा वेचणारीला? त्यांच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलंय की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला कमीत कमी ६,००० रुपये. मग २०१७ साली मातृवंदना योजना आली आणि पहिल्या मुलाला ५,००० केले. दुसऱ्या मुलाला पुढं ६,००० आले, पण मुलगी झाली तर. तिसरं पोर झालं की ती आई सरकारच्या हिशेबात आईच नाही. भांडीवालीच्या पाच हजारात किती रात्रींची झोप येते, हे कुण्या अर्थतज्ज्ञानं मला मांडून दाखवावं.

विश्रांती ही ह्या देशात जातीनं वाटलेली चीज आहे. जिच्या वाट्याला ती येत नाही तिचं मन मोडतं. आणि मोडलेल्या मनाला आपण "वाघीण" म्हणतो.

आता दवाखान्याचं. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तराचं पत्र दिलं आहे. १९२९ च्या डिसेंबरात ते 'यंग इंडिया'त छापलं होतं. मास्तराची बायको बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. हिंदू डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. हातापाया पडल्यावर आला. तिला बाहेर आणून ठेवायला लावलं. थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्यानं मास्तराच्या हातात दिला, मास्तरानं बायकोला लावला. त्याच रस्त्यानं थर्मामीटर परत गेला. डॉक्टरनं लांबूनच न्यूमोनिया सांगितला. बाई मेली. आणि इथं महाराष्ट्रात? सवर्णांच्या घरी नाळ कापायला मांगवाड्यातली सुईण चालायची. नाळ कापून झाली की तिचा विटाळ व्हायचा.

आज थर्मामीटर थेट काखेत जातो. मान्य. पण मनाला थर्मामीटर लावायचा तर शेजारी बसावं लागतं. ऐकावं लागतं. तिथलं अंतर अजून तेवढंच आहे. आपली बाई सांगते, काळीज बसलंय. जीव थाऱ्यावर नाही. अंगात मुंग्या येतात, पोराकडे बघवत नाही. पलीकडचा मान वर न करता विचारतो, ताप आहे का? नाही? अशक्तपणा. रक्तवाढीच्या गोळ्या. पुढची या! दोन मिनिटं. थर्मामीटर अजून तिसऱ्याच्या हातातनंच येतोय, फक्त तो तिसरा माणूस आता दिसत नाही.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील. व्यवस्थेला शिव्या आल्या की आपल्या माना डोलतातच. आता आपल्या घरात येऊ.

ते लिंबू मनुस्मृतीनं नाही उतरवलं. माझ्या सासूनं उतरवलं, नवऱ्याच्या पैशानं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या तिसऱ्या पिढीच्या घरात. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला २० ऑगस्ट २०१३ ला. त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बाईला मारहाण केली तर तो गुन्हा आहे. कायद्याच्या बाजूनं आपण मोर्चे काढले. आणि बाळंतिणीला दोन महिने झोप आली नाही की आपल्याच घरातनं भगताला फोन जातो. मोर्चा रस्त्यावर, अंगारा घरात. हे ढोंग नाही तर काय आहे?

बुद्ध सांगायचा तर नीट सांगा. पटाचारेची गोष्ट विहारात ऐकलीय ना? वाटेतच ती बाळंत झाली, वादळात. नवरा साप चावून मेला. नुकतं जन्मलेलं लेकरू ससाण्यानं उचललं. थोरलं नदीत गेलं. माहेरी पोचते तर आईबाप घर कोसळून मेलेले. बाई वेडी झाली. अंगावर कपडा राहिला नाही. लोक तिला ढेकळं मारायचे. ती बुद्धाच्या सभेकडे आली तेव्हा लोकांनी वाट अडवली. आपणही तेच केलं असतं. बुद्ध म्हणाला, तिला येऊ द्या. एका माणसानं अंगावरचं वस्त्र तिच्याकडे टाकलं. ती भानावर आली. मग धम्म. पुढं ती भिक्खुणी संघातली थोर थेरी झाली. क्रम बघा. आधी "येऊ द्या". मग वस्त्र. उपदेश सगळ्यात शेवटी. माझ्या नवऱ्यानं पहिल्यापासनं उपदेशच दिला. तुम्हीही तेच देता.

आणि रमाई. शहरागणिक रमाईच्या नावाची वस्ती आहे, गल्लीगणिक रमाईची गाणी. त्याग, त्याग, त्याग. गोवऱ्या थापल्या, उपास काढले, साहेबांना शिकवलं. खरंय. पण रमाईनं चार लेकरं पुरली. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. बाबासाहेबांनी तेव्हा आपल्या मित्राला पत्र लिहिलं आणि आपलं फुटलेलं काळीज कागदावर ठेवलं. एवढा मोठा माणूस, तोही दुःख सांगायला लाजला नाही. रमाईनं कुणाला पत्र लिहिलं? नऊ वर्षांनी, २७ मे १९३५ ला ती गेली. मी रमाईला आजार चिकटवत नाही. तो मला अधिकार नाही. मी एवढंच विचारते की आपल्या इतक्या गाण्यांत एक तरी ओळ अशी आहे का, जी तिच्याजवळ बसून म्हणते, "रमा, तुला काय होतंय?" त्याग गायला सोपा असतो. शेजारी बसणं अवघड. राजरत्न गेला त्याच्या दोन वर्षांनी बाबासाहेब बाळंतिणीच्या विश्रांतीसाठी कौन्सिलात उभे होते. आपण गाणीच म्हणत राहिलो.

म्हणून म्हणते, आईवरच्या कविता बंद करा. तुमची कविता आईला दगड करते आणि दगडाला औषध लागत नाही. दगडाला रजा लागत नाही. दगड रात्री दीड वाजता तुमचं ताट वाढतो आणि तुमच्या भाषणात पुतळा होऊन उभा राहतो. सवर्णांनी बाईला देवी केली, तुम्ही वाघीण केली. देवीलाही झोप विचारत नाहीत, वाघिणीलाही नाही. फरक कुठाय?

"आधी जातिअंत, मग हे सगळं." हे तुमचं शेवटचं म्हणणं, आणि सगळ्यात लबाड. ही वाक्यरचना कुठं ऐकलीय? "आधी स्वातंत्र्य, मग अस्पृश्यांचं बघू." असं म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी काय उत्तर दिलं ते तुम्हाला तोंडपाठ आहे. तेच उत्तर मी तुम्हाला देते. शब्द उसने आणायची गरज नाही.

आणि हे काही आभाळातलं काम नाही. शेजारच्या पाकिस्तानात, रावळपिंडीच्या खेड्यांत, गावच्याच आरोग्यसेविकांना शिकवलं. डॉक्टर नव्हेत, साध्या बाया. त्यांनी घरोघर जाऊन नैराश्यातल्या आयांशी ठरलेल्या पद्धतीनं बोलायचं. २००८ साली निकाल छापून आला. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, ज्यांना हे बोलणं मिळालं त्यांच्यात २३ टक्के बायका नैराश्यात उरल्या होत्या. ज्यांच्याकडे सेविका नुसत्याच गेल्या, हे बोलणं झालं नाही, त्यांच्यात ५३ टक्के. पुढं गोव्यात वस्तीतल्याच सामान्य बायकांना शिकवून हा प्रयोग झाला. म्हणजे औषध तुमच्या गल्लीत आहे. शेजारीण हेच औषध आहे. तिला शिकवायचं कुणी, एवढाच प्रश्न आहे.

तर मागण्या. अर्ध्या सरकारकडे, अर्ध्या तुमच्याकडे.

सरकारकडे: बाळंतपणानंतर आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येते. त्या फेऱ्यांत आईच्या मनाचे प्रश्न विचारणं सक्तीचं करा. १९८७ पासनं जगभर वापरात असलेली दहा प्रश्नांची यादी आहे, ती आपल्या वस्तीच्या बोलीत आणा. आशाताईला त्याचं शिक्षण द्या आणि त्याचा वेगळा मोबदला द्या. फुकट नाही. प्रत्येक सरकारी प्रसूतिगृहात आठवड्यातनं एक दिवस मनाचा डॉक्टर बसवा. घरकामगार, नाका कामगार, कचरावेचक बाईला बाळंतपणाची भरपाई मजुरीच्या हिशेबानं द्या, पोरांची संख्या न मोजता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासनं तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडायचं नाही. तशा खाटा कुठं आहेत ते जिल्हावार जाहीर करा.

तुमच्याकडे: बाप झालेल्या कार्यकर्त्याला सव्वा महिना बैठक बंद. त्यानं दुपटी धुवायची, रात्रीची एक पाळी पोर सांभाळायचं, बायकोला सलग पाच तास झोपू द्यायचं. जो हे करणार नाही त्याला स्त्रीमुक्तीवर बोलायला माइक द्यायचा नाही. नामकरणाला गेलात तर आधी आईला भेटायचं. अहेराच्या पाकिटाबरोबर आठवड्याचा डबा न्यायचा. प्रत्येक छावणीत दोन जणींनी ते दहा प्रश्न शिकून घ्यायचे. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन नंबर, चोवीस तास फुकट, मराठीत बोलतात. तो जयंतीच्या बॅनरवर छापायचा. पुढाऱ्यांच्या मुंडक्यांची एक ओळ कमी केली की जागा होते.

कुणी बाई म्हणाली, मला मरावंसं वाटतं, तर तिला एकटी सोडायचं नाही. भाषण द्यायचं नाही. आशाताईसारखं बसून राहायचं आणि सकाळी दवाखान्याच्या रांगेत तिच्याबरोबर उभं राहायचं.

शेवटी त्या कवी पोराला. तुझ्यावर माझा राग नाही, बाबा. तू तुझ्या आईवर प्रेम करतोस ते मला दिसतंय. तर आज घरी जा. ती मोरीत भांडी घासत असेल, नाही तर तुझी वाट बघत दारात बसली असेल. तिला विचार, "आई, मी झालो तेव्हा तुला झोप लागायची का?" आधी ती हसेल. म्हणेल, कशाला त्या जुन्या गोष्टी, जेव आधी. तू उठू नकोस. भांडी तू घे हातात आणि परत विचार.

मग ती जे सांगेल ते तसंच्या तसं लिहून आण. वाघीण घालू नकोस, मशाल घालू नकोस. ते तू बैठकीत वाच. पहिली टाळी माझी.

जय भीम.